अर्थिंगला पाणी

मे महिन्यात सबस्टेशनच्या अर्थिंगच्या खड्ड्यांना
रोज दोन-दोन बादल्या पाणी घालावं लागतं.
जमीन कोरडी पडली की वीज आत जायला नाही म्हणते,
मग जिथे वाट मिळेल तिथून जाते,
कधी माणसातूनसुद्धा.
हे मला सुभान तडवीने सांगितलं,
यावलला, पहिल्याच पाळीत,
मीठ-कोळशाच्या खड्ड्याशी उकिडवं बसून.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते
आणि फोन उचलायला घाबरायचे.

"लाइन कव्हा यीन वो बाई?"
"केळी वाळून राह्यली सारी."
"नाव सांग तुझं. नाव."
"बाईमाणूस बसवलं का तिथं आता?"
फीडर ट्रिप झाला की असे पाच मिनिटांत चाळीस.
छातीत पंखा अडकल्यासारखं व्हायचं,
पातं हलत नाही
आणि बटण मात्र चालू.

घरी गेल्यावर तेच आवाज मी भांड्यांत आपटायचे.
यज्ञेश गृहपाठाची वही पोटाशी धरून
दारातूनच माझा चेहरा बघायचा,
रीडिंग घेतल्यासारखा.

सुभानभाऊ कधी म्हणाला नाही की शांत राहा.
(शांत राहा म्हणणाऱ्यांचा फोन मी आजही लवकर ठेवते.)
तो म्हणाला, "आधी लॉगशीट भर. कितीबी बोंब होऊ दे.
व्होल्ट लिही, ॲम्पियर लिही, तेलाचं तापमान लिही.
लिहून होईस्तोवर हात थरथरायचे थांबतेत."
थांबले नाहीत.
पण तिसऱ्या आठवड्यात अक्षर वाचता यायला लागलं.

दुसरी गोष्ट त्याने सांगितली नाही, मला दिसली.
पडलेला फीडर तो लगेच चढवायचा नाही.
बटणाजवळ बोट नेऊन थांबायचा, ओठ हलायचे.
मला वाटलं, कलमा म्हणतोय.
विचारलं तर हसला,
"मेहुण्यांची नावं घेतो ना. सात हायेत.
सातवा येईस्तोवर घाई मरते."

मला एकच मेहुणा, त्यात काय मरणार.
मी भुसावळहून निघते :
दुसखेडा, सावदा, निंभोरा,
रावेरला थोडी जास्त थांबते, तिथे माहेर आहे,
मग वाघोडा,
बऱ्हाणपूर आलं की बटण.

आता पाळी सुटल्यावर स्कूटी सरळ घरी नेत नाही.
हतनूरच्या कालव्यावर दहा मिनिटं.
पाणी सोडलेलं असेल तर पाय,
नसेल तर नुसतं बघणं, तळातल्या भेगा, एक बगळा,
तोही बहुतेक ड्यूटी संपवून आलेला.
आणि घरात शिरल्यावर मोबाइल
कळण्याच्या पिठाच्या डब्यात.
नवरा म्हणतो, विसरभोळी झालीस.
म्हणू दे.
भाकरी थापून होईपर्यंत जग पिठात दबून वाजतं,
दूरच्या गावातल्या बॅण्डसारखं.

रोज जमतं असं नाही.
परवा सेहेचाळीस डिग्री होतं, दुपारचे पावणेतीन,
फैजपूरची लाइन तिसऱ्यांदा गेलेली,
आणि एकाला मी म्हणाले,
"या, तुम्हीच येऊन लावा."

तो आला.
मोटरसायकलवर, डोक्याला ओलं उपरणं गुंडाळून,
फाटकातूनच बोट नाचवत. पन्नाशीचा असेल.
मला वाटलं, आता स्टेशनं मोजावीत,
पण दुसखेडाही आठवेना.
हातात बादली होती,
रोजची वेळ तीच.
मी ती त्याच्यापुढे केली
आणि दाराशेजारचा खड्डा दाखवला.

का घेतली, त्याला विचारायला हवं होतं.
त्याने ओतली. माती चुर्र वाजली,
बुडबुडे आले, पाणी गेलं.
तो वाकून बघत राहिला, विहिरीत बघतात तसा.
"पेते की वो," म्हणाला.
दुसऱ्या बादलीतलं अर्धं खड्ड्याला,
अर्धं त्याने स्वतःच्या पायांवर घेतलं, चपलेसकट,
डोळे मिटून.

आत फोन वाजत होता.
"अजून एक आणू का?" त्याने विचारलं.

तीनचं रीडिंग मी त्या दिवशी
चार मिनिटं उशिरा लिहिलं.